कोट्यातील रिकाम्या खोल्या: एकाच उद्योगावर उभ्या राहिलेल्या भाडेबाजाराचे प्रकरण

आयआयटी आणि वैद्यकीय प्रवेश परीक्षांच्या शिकवण्यांसाठी देशभरातून मुले जिथे येतात, त्या राजस्थानातील कोटा शहराच्या बोरखेडा भागात कोरल पार्क नावाची वसाहत आहे. गेल्या दशकात तिथे ओळीने हॉस्टेलच्या इमारती उभ्या राहिल्या. साधारण एका मापाच्या खोल्या, प्रत्येक खोलीला जोडलेले स्नानगृह, तळमजल्यावर मेस, दारावर रखवालदार आणि चालत जाण्याच्या अंतरावर प्रशिक्षण संस्थेची इमारत, असा तिथला साचा होता. २०२२ मध्ये इथे जागा मिळवण्यासाठी पालकांना आधीच पैसे भरून खोली राखून ठेवावी लागत असे. २०२४ संपत आले तेव्हा याच वसाहतीतील अनेक इमारती निम्म्या रिकाम्या होत्या, आणि पूर्वी पंधरा हजार रुपये महिना घेणाऱ्या खोल्या नऊ हजारांना मिळत असल्याच्या बातम्या येत होत्या. दोन-अडीच वर्षांत भाडे चाळीस टक्क्यांनी खाली यावे, अशी घसरण भारतातील निवासी भाडेबाजारात सहसा दिसत नाही. महामारीच्या वर्षीही पुण्या-मुंबईतील घरमालकांनी भाडे कमी केले ते नाइलाजाने, आणि वर्ष-दोन वर्षांत ते पुन्हा वर गेले. कोट्यात मात्र महामारी ओसरल्यावर, देशभर घरभाडी वाढत असताना हे घडले. म्हणून हे प्रकरण स्वतंत्रपणे अभ्यासण्यासारखे आहे.

या लेखात मी जे म्हणणार आहे ते सुरुवातीलाच सांगतो. कोट्यात विद्यार्थी कमी झाले म्हणून भाडी उतरली, हे खरे असले तरी अपुरे आहे. ज्या बाजारात भाडेकरू दहा महिन्यांसाठी येतो आणि त्याच्यासाठी बांधलेली इमारत पंधरा वर्षांच्या कर्जावर उभी असते, त्या बाजारात मागणी थोडी हलली तरी भाडे फार मोठ्या प्रमाणात कोसळते. हा दोष बाजाराच्या रचनेतच होता आणि तेजीच्या वर्षांत तो झाकला गेला होता.

शहर या वळणावर कसे आले

कोटा हे मुळात कारखान्यांचे शहर. चंबळ नदीवरील धरणसाखळी आणि बंधारा, पुढे उभे राहिलेले औष्णिक वीज केंद्र, खत आणि कृत्रिम धाग्यांचे कारखाने, सरकारी मालकीची इन्स्ट्रुमेंटेशन लिमिटेड, शिवाय फरशीसाठी देशभर जाणारा कोटा दगड, यांवर इथले रोजगार चालत. जे. के. सिंथेटिक्स हा त्यांतला मोठा कारखाना. तिथे अभियंता असलेल्या व्ही. के. बन्सल यांना स्नायूंचा दुर्धर आजार जडला आणि १९८० च्या दशकात त्यांनी घरीच मुलांना गणित शिकवायला सुरुवात केली. त्यांचे विद्यार्थी आयआयटीत जाऊ लागले, शिकवणीची संस्था झाली, आणि त्यांच्यामागून इतर संस्था आल्या. अ‍ॅलन ही संस्था १९८८ मध्ये सुरू झाली होती. वैद्यकीय प्रवेशाच्या तयारीत तिने पुढे जम बसवला. १९९७ मध्ये जे. के. सिंथेटिक्सचे काम थांबले तेव्हा हजारो कुटुंबांचे नियमित वेतन गेले, पण शहरात शिकायला येणाऱ्या मुलांची संख्या वाढत होती. पगार थांबलेल्या घरांना वरच्या खोल्यांचे भाडे हा आधार मिळाला. कोट्याच्या भाडेबाजाराचा पाया इथे घातला गेला. तळवंडी, महावीर नगर, विज्ञान नगर, जवाहर नगर या जुन्या वसाहतींतल्या राहत्या घरांत मुले पेइंग गेस्ट म्हणून राहू लागली, आणि घरातील बाई त्यांच्या जेवणाचेही बघू लागल्या.

या पहिल्या टप्प्याचे एक वैशिष्ट्य पुढच्या हिशोबासाठी लक्षात ठेवावे लागते. ती घरे आधीच बांधलेली होती. त्यांच्यावर बहुधा कर्ज नव्हते, आणि मालक त्याच घरात राहत होता. एखाद्या वर्षी दोन खोल्या रिकाम्या राहिल्या तर घरखर्चाला ओढ बसे, पण घर जप्त होण्याची भीती नसे.

२०१० नंतर चित्र बदलले. देशपातळीवरील परीक्षांचे स्वरूप एकसारखे होत गेले. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर वैद्यकीय प्रवेशासाठी नीट ही एकच परीक्षा लागू होऊ लागली आणि राज्यांच्या स्वतंत्र परीक्षा मागे पडल्या. तोवर वैद्यकीय प्रवेशासाठी राज्याच्या सीईटीची तयारी करणारा जळगावचा किंवा यवतमाळचा विद्यार्थी आणि बिहार-उत्तर प्रदेशातला विद्यार्थी आता एकाच अभ्यासक्रमाच्या शर्यतीत आले. अशा परीक्षेची तयारी करून घेणारे सर्वांत नावाजलेले ठिकाण कोटा होते, आणि मुंबई-दिल्ली लोहमार्गावर असल्याने तिथे पोहोचणेही सोपे होते. मोठ्या संस्थांनी शहराच्या कडेला, कुन्हाडीच्या लँडमार्क सिटीत आणि बोरखेड्याच्या बाजूला, मोठमोठे वर्ग बांधले. त्यांच्याभोवती जी निवासव्यवस्था उभी राहिली ती जुन्या वसाहतींसारखी घरगुती नव्हती. ते पाच-सहा मजली, केवळ भाड्यासाठी बांधलेले हॉस्टेल होते.

बाजाराची रचना

२०११ च्या जनगणनेत कोटा शहराची लोकसंख्या सुमारे १० लाख होती. भरभराटीच्या वर्षी बाहेरून येणारे विद्यार्थी दोन लाखांच्या वर असल्याचे सांगितले जाई. म्हणजे शहरातल्या मूळ रहिवाशांच्या जवळपास एक पंचमांश इतके भाडेकरू दरवर्षी येत आणि त्यांतले पुष्कळसे दरवर्षी बदलत. हॉस्टेलचालकांच्या संघटना हॉस्टेलांची संख्या चार ते साडेचार हजार सांगतात. पेइंग गेस्ट ठेवणारी घरे त्याहून कितीतरी जास्त आहेत.

इथे भाड्याचे माप घर नाही, खोली आहे. पुण्यात ज्याला आपण कॉट बेसिस म्हणतो त्याच्या जवळ जाणारी, पण अधिक काटेकोर अशी ही व्यवस्था आहे: एका मुलाला एक खोली, तिच्यासोबत दोन वेळचे जेवण आणि नाश्ता, कपडे धुणे, वॉर्डन. वीज बहुतेक ठिकाणी वेगळ्या मीटरने मोजून आकारली जाते. जाहिरातीतील भाड्यात जागेचे भाडे किती आणि सेवेचे किती, हे पालकाला सहसा कळत नाही. अभ्यासकालाही ते वेगळे काढावे लागते, कारण घसरणीच्या काळात या दोन भागांचे वागणे पूर्णपणे वेगळे असते.

दुसरी गोष्ट दिनदर्शिकेची. नीट मे महिन्याच्या सुरुवातीला होते, जेईई मेनचे दुसरे सत्र एप्रिलमध्ये, आणि जेईई अ‍ॅडव्हान्स्ड त्यानंतर. मे महिन्यात जुनी मुले खोल्या सोडतात. दहावी झालेली नवी मुले एप्रिलपासून येऊ लागतात आणि निकालानंतर पुन्हा परीक्षा देणाऱ्यांच्या, म्हणजे आपल्याकडे ज्यांना रिपीटर म्हणतात त्यांच्या, तुकड्या जून-जुलैत भरतात. जी खोली जुलै संपेपर्यंत भरली नाही ती पुढच्या एप्रिलपर्यंत भरण्याची शक्यता फार कमी. नाशिक किंवा कोल्हापुरात एखादा फ्लॅट दोन महिने रिकामा राहिला तर तिसऱ्या महिन्यात भाडेकरू येतो. कोट्यात मालकाला वर्षातून एकदाच संधी मिळते. त्यामुळे तीन महिन्यांत सगळा बाजार ठरतो आणि त्या तीन महिन्यांत मालक घाबरला तर भाड्याला तळ राहत नाही.

तिसरी गोष्ट मालकीची. नव्या हॉस्टेलांपैकी पुष्कळ इमारती मालक स्वतः चालवत नाहीत. मालक पूर्ण इमारत वर्षाच्या ठरावीक रकमेवर चालकाला देतो. चालक मुले मिळवतो, मेस चालवतो, मुले आणून देणाऱ्याला दलाली देतो आणि उरलेले ठेवतो. तेजीत ही व्यवस्था दोघांनाही सोयीची होती. मालकाला कटकट नको होती आणि चालकाला जमीन न घेता धंदा करता येत होता. घसरण आली तेव्हा करार संपताच चालक बाजूला झाले, आणि ज्यांनी कधी मेससाठी भाजी आणली नव्हती अशा मालकांच्या हातात रिकाम्या इमारती आल्या.

महामारीने दिलेला चुकीचा इशारा

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा हजारो मुले कोट्यात अडकून पडली. एप्रिलमध्ये उत्तर प्रदेश सरकारने शेकडो बस पाठवून आपली मुले परत नेली. नंतर इतर राज्यांनीही तेच केले. महाराष्ट्रातून एप्रिलच्या अखेरीस धुळ्याहून सुमारे ७० एसटी गाड्या कोट्याला गेल्या आणि आपल्या मुलांना घेऊन आल्या. खानदेश, मराठवाडा, विदर्भातील अनेक घरांना तो प्रवास अजून आठवत असेल. त्यानंतर जवळपास दीड वर्ष शहरातील खोल्या ओस होत्या.

अशा धक्क्यानंतर बाजाराने सावध व्हायला हवे होते, पण उलट घडले. वर्ग प्रत्यक्ष सुरू झाले आणि २०२२ मध्ये विद्यार्थ्यांची संख्या दोन लाखांच्या वर गेल्याचे सांगण्यात आले. भाडी चढली, खोल्या मिळेनात, आणि बंदीच्या काळात दबून राहिलेले बांधकाम पुन्हा वेगाने सुरू झाले. त्या वर्षीच्या गर्दीत नव्या दहावीच्या मुलांबरोबर टाळेबंदीत घरी राहून ऑनलाइन शिकलेली आणि आता प्रत्यक्ष वर्गाला उत्सुक असलेली आधीच्या दोन वर्षांची मुलेही होती. ती साचलेली मागणी होती. ती एकदाच निघून जाणार होती. बांधकाम करणाऱ्यांनी आणि कर्ज देणाऱ्यांनी मात्र तो आकडा नव्या पायरीचा आरंभ मानला. पाया खणल्यापासून खोली भाड्याने देण्यापर्यंत दीड-दोन वर्षे जातात. म्हणजे २०२२ ची गर्दी पाहून सुरू केलेली इमारत बाजारात आली ती थेट २०२४ मध्ये, जेव्हा मागणी उतरलेली होती. माझ्या मते या प्रकरणातील सर्वांत महागडी चूक हीच आहे, आणि ती एखाद्या भोळ्या मालकाची नाही. तिच्यावर बँकांनीही मंजुरीचे शिक्के मारलेले आहेत.

मागणी का उतरली

२०२४ च्या शेवटी कोट्यातील विद्यार्थिसंख्येचे प्रसिद्ध झालेले अंदाज ८५ हजारांपासून सव्वा लाखापर्यंत आहेत. पहिला आकडा धरला तर घट निम्म्याहून जास्त होते, दुसरा धरला तर चाळीस टक्क्यांच्या आसपास. हॉस्टेलचालकांनी बहुतेक इमारतींची भरती ४० ते ५० टक्के असल्याचे सांगितले. शहराची या व्यवसायातून होणारी वार्षिक उलाढाल साडेसहा-सात हजार कोटी रुपयांवरून सुमारे साडेतीन हजार कोटींवर आल्याचाही अंदाज छापून आला. हे सर्व आकडे व्यवसायातील लोकांच्या अनुभवावर आधारलेले आहेत, पण त्यांची दिशा एकच आहे.

कारणांत सर्वांत वजनदार कारण मला संस्थांचाच विस्तार वाटतो. ज्या संस्थांनी कोट्याला नाव दिले त्यांनीच पाटणा, लखनौ, रांची, नागपूर, पुणे अशा शहरांत शाखा उघडल्या. पूर्वी ऑनलाइन शिकवणाऱ्या कंपन्यांनी २०२२ मध्ये कोट्यात वर्ग सुरू केले, पण त्याच वेळी देशातील इतर शहरांतही केले. घराजवळ तेच छापील साहित्य, तशीच चाचणी परीक्षा आणि अनेकदा त्याच पद्धतीने तयार झालेले शिक्षक मिळत असतील, तर वर्षाला दीड-दोन लाख रुपये राहण्या-जेवणावर का घालायचे, हा प्रश्न अकोल्याच्या किंवा गयेच्या पालकाला पडणे स्वाभाविक होते. संस्थेचा महसूल यामुळे बुडत नाही. तो दुसऱ्या शहरातून येतो. घरमालकाची खोली मात्र पाटण्याला नेता येत नाही. भाडेबाजार ज्या उद्योगावर अवलंबून होता तो हलता होता आणि इमारती अचल होत्या, हा या प्रकरणाचा गाभा आहे.

दुसरे कारण सांगताना शब्द जपून वापरावे लागतात. २०२३ मध्ये कोट्यात वीसहून अधिक विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. ऑगस्टमध्ये जिल्हा प्रशासनाने दोन महिने चाचण्या थांबवण्याचा आदेश दिला, आणि खोल्यांतील पंख्यांना ठरावीक वजनापेक्षा जास्त भार आल्यास खाली येणारी स्प्रिंगची यंत्रणा बसवणे सक्तीचे केले. या मृत्यूंकडे बाजारभावाच्या कारणांपैकी एक म्हणून पाहणे मला जड जाते. तरीही पालकांच्या निर्णयावर त्यांचा परिणाम झाला हे नाकारता येत नाही. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला एकट्याने एका खोलीत ठेवायचे की नाही, हा विचार घराघरांत झाला. ज्या एकल खोलीला हॉस्टेलच्या बाजारात सर्वाधिक भाडे मिळत होते, त्याच खोलीतील एकटेपणाबद्दल पालकांना काळजी वाटू लागली. काही आया मुलासोबत राहण्यासाठी लहान फ्लॅट भाड्याने घेतात, ही पद्धत कोट्यात आधीपासून आहे. हॉस्टेलच्या खोलीत तशी सोय नाही, कारण तिच्यात स्वयंपाकघरच नाही.

तिसरे कारण नियमाचे. जानेवारी २०२४ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने प्रशिक्षण वर्गांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांनुसार सोळा वर्षांखालील किंवा दहावीची परीक्षा न दिलेल्या मुलांना प्रवेश देता येणार नाही. सहावी ते दहावीच्या पायाभूत तुकड्यांतील मुले कोट्यात तीन-चार वर्षे राहत असत. संख्येने ती थोडी होती, पण घरमालकाच्या दृष्टीने तीच सर्वांत स्थिर भाडेकरू होती. दहा महिन्यांच्या बाजारात तीन वर्षे टिकणारा भाडेकरू गेला की उरलेला बाजार अधिकच अस्थिर होतो.

एका इमारतीचा हिशोब

भाडे एवढे का पडले हे समजण्यासाठी एक काल्पनिक इमारत घेऊ. आकडे केवळ उदाहरणासाठी धरलेले आहेत. चाळीस एकल खोल्या. बांधकामासाठी २ कोटी रुपयांचे कर्ज, मुदत १५ वर्षे, व्याज साडेनऊ टक्के. मासिक हप्ता सुमारे २ लाख ९ हजार रुपये येतो. प्रत्येक मुलामागे जेवण, धुलाई, पाणी वगैरेंचा खर्च ५,५०० रुपये धरू, आणि वॉर्डन, रखवालदार, स्वयंपाकी, घरपट्टी असा मुलांच्या संख्येवर न बदलणारा खर्च महिन्याला ६० हजार.

तेजीत ३६ खोल्या भरलेल्या आणि भाडे १५ हजार असेल तर मुलांचा खर्च वजा जाता ३ लाख ४२ हजार उरतात, कायमचा खर्च काढल्यावर २ लाख ८२ हजार. हप्ता भरून ७३ हजार हाती राहतात. पण सत्र दहा महिन्यांचे धरले आणि हप्ता व नोकरांचे पगार बारा महिन्यांचे धरले, तर वर्षाअखेर शिल्लक जेमतेम १ लाख ९० हजार उरते. म्हणजे चांगल्या वर्षीही इमारत काठावरच चालत होती. मालकाचा खरा नफा जमिनीच्या चढत्या भावात होता.

आता निम्म्या खोल्या रिकाम्या झाल्या. भाडे १५ हजारच ठेवले तर २० मुलांकडून १ लाख ३० हजार मिळतात आणि हप्त्याला ७९ हजार कमी पडतात. अशा वेळी मालक पाहतो की प्रत्येक रिकाम्या खोलीत ९ हजारांनी मूल आणले तरी साडेतीन हजार जास्त मिळतात. त्याच्या एकट्याच्या दृष्टीने भाडे उतरवणे शहाणपणाचे असते. पण शेजारचाही तेच करतो आणि त्याच्या शेजारचाही. मुलांची एकूण संख्या तेवढीच राहते, प्रत्येकाकडे पुन्हा वीसच मुले असतात, आणि भाडे मात्र ९ हजारांवर आलेले असते. तेव्हा हाती राहतात १० हजार रुपये, आणि हप्ता २ लाख ९ हजारांचा. या हिशोबात एखाद्या नशीबवान मालकाने ९ हजारांनी छत्तीसही खोल्या भरल्या, तरी त्याच्या हाती ६६ हजारच येतात. थोडक्यात, भाड्याची खालची मर्यादा कर्जाच्या हप्त्याने ठरत नाही. ती जेवण-धुलाईच्या खर्चाने ठरते, आणि ती हप्ता फेडण्यासाठी लागणाऱ्या पातळीच्या फार खाली आहे. बांधून झालेल्या इमारतीचा खर्च परत घेता येत नाही, म्हणून तो भाडे ठरवताना मोजलाच जात नाही.

जाहिरातीतील भाडे हा या काळात फसवा निर्देशक ठरतो. कोणताही मालक दर लगेच उतरवत नाही, कारण आधी जास्त देऊन राहिलेली मुले तक्रार करतात. आधी अनामत माफ होते, मग एक महिना फुकट मिळतो, मग वातानुकूलित खोली साध्या खोलीच्या दरात दिली जाते, आणि शेवटी दरफलक बदलतो. त्यामुळे बातमीत भाडे उतरल्याचे वाचायला मिळते तेव्हा प्रत्यक्ष उत्पन्न सहा-आठ महिने आधीच घसरलेले असते.

जुन्या वसाहती आणि नवे पट्टे

घसरणीचा भार सर्वांवर सारखा पडला नाही. तळवंडी किंवा विज्ञान नगरातील ज्या घरमालकाच्या वरच्या चार खोल्या रिकाम्या आहेत, त्याचे उत्पन्न गेले आहे, पण त्याचे घर त्याच्याकडे आहे. त्या खोल्या तो नोकरदाराला, परिचारिकेला, लहान कुटुंबाला देऊ शकतो. शहराच्या मध्यात असल्याने तशी मागणी तिथे असते. कोरल पार्कमधील शंभर-सव्वाशे चौरस फुटांची, स्वयंपाकघर नसलेली खोली कुटुंबाला देता येत नाही. दोन-तीन खोल्या जोडून फ्लॅट करायचा तर भिंती, नळ, सांडपाणी, वाहनतळ सगळेच बदलावे लागते, आणि एवढे करून मिळणारे भाडे शहरातल्या साध्या कुटुंबाच्या ऐपतीएवढेच असते. म्हणजे एकाच शहरात एका बाजूला हजारो खोल्या रिकाम्या आणि दुसऱ्या बाजूला कामगार कुटुंबाला परवडणारे दोन खोल्यांचे घर मिळवण्याची धडपड, हे दोन्ही एकाच वेळी खरे असू शकते. रिकाम्या जागांची टक्केवारी काढून शहरात घरे मुबलक आहेत असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

प्रशासनाने हातावर हात ठेवले नाहीत. डिसेंबर २०२४ मध्ये जिल्हा प्रशासनाने ‘कोटा केअर्स’ नावाचा उपक्रम जाहीर केला. त्यात हॉस्टेलांनी अनामत किंवा कॉशन मनी घेऊ नये आणि देखभालीचा आकार वर्षाला २ हजार रुपयांपेक्षा जास्त नसावा, असे ठरले. पालकांच्या दृष्टीने हे फार चांगले पाऊल आहे, कारण अनामत परत मिळवताना होणारा छळ हा विद्यार्थी-भाडेकरूंचा सर्वत्र सारखा अनुभव आहे. मूल अठराचे नसते, पालक हजार किलोमीटरवर असतात, आणि मे महिन्यात गाडी पकडायची घाई असते. भिंतीच्या रंगापोटी दहा हजार कापले तर भांडायला कोण थांबणार? जे संरक्षण तेजीत द्यायला हवे होते ते मंदीत मिळाले, तरी मिळाले याचे मोल आहे. २०२४ च्या केंद्रीय सूचनांत विद्यार्थी मध्येच सोडून गेला तर उरलेल्या काळाचे शुल्क दहा दिवसांत परत द्यावे, आणि तो संस्थेच्याच हॉस्टेलात राहत असेल तर निवास व मेसचे पैसेही परत द्यावेत, असे म्हटले आहे. कोट्यातील बहुसंख्य हॉस्टेल खाजगी मालकांची असल्याने ही तरतूद त्यांना थेट लागू पडत नाही. ही उणीव राज्यांनी आपल्या कायद्यांत भरून काढायला हवी.

कराच्या बाबतीतही एक दिलासा मिळाला. जुलै २०२३ मध्ये, कर लागू होतो का हे आधीच ठरवून देणाऱ्या अग्रिम निर्णय प्राधिकरणांनी हॉस्टेलचे भाडे हे निवासी घराचे भाडे नसल्याचे सांगून त्यावर १२ टक्के वस्तू व सेवा कर लागू होतो असे ठरवले होते. जून २०२४ मध्ये वस्तू व सेवा कर परिषदेच्या ५३ व्या बैठकीत माणशी महिना २० हजार रुपयांपर्यंतच्या आणि सलग किमान ९० दिवसांच्या निवासाला सूट देण्यात आली. कोट्यातील जवळपास सर्व खोल्या या मर्यादेत बसतात. पण मागणीच उतरली असताना या सवलतीने खोल्या भरल्या नाहीत. फक्त तोटा थोडा कमी झाला.

लातूरसाठी यातले काय लागू पडते

मराठी वाचकाला हे प्रकरण दूरचे वाटू नये. लातूर हे याच जातीचे शहर आहे. २०११ मध्ये त्याची लोकसंख्या ३ लाख ८३ हजारांच्या घरात होती. दहावी-बारावीच्या निकालांतून घडलेला लातूर पॅटर्न, पुढे नीटच्या शिकवण्या, मराठवाड्यातील आणि सीमाभागातील जिल्ह्यांतून येणारी मुले, शिकवण्यांच्या परिसरातील खोल्या, खाणावळी, अभ्यासिका यांवर तिथल्या भाडेबाजाराचा मोठा भाग चालतो. नांदेडमध्येही हेच चित्र आकार घेत आहे.

दोन्ही शहरांत फरकही आहेत. लातूरला येणारी बरीच मुले दोन-चार तासांच्या एसटी प्रवासाच्या अंतरावरून येतात. त्यांच्या घरांना लातूरचा खर्च कोट्याहून कमी पडतो, आणि एखाद्या मोठ्या कंपनीने पुण्यात शाखा काढली म्हणून उदगीरचे मूल लातूर सोडून पुण्याला जात नाही. लातूरची मागणी म्हणून जास्त चिवट आहे. पण तिथे कोट्यात नसलेली एक जोखीम आहे, आणि ती पाण्याची. चंबळकाठच्या कोट्याला पाण्याची ददात नाही. लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीच्या दहा टाक्यांतून पाच लाख लिटर पाणी आले होते. ज्या खोलीत भाडेकरूला अंघोळीला पाणी देता येत नाही त्या खोलीचे भाडे कितीही कमी केले तरी ती भरत नाही, आणि टँकरच्या खर्चाने मुलामागचा चालू खर्च वाढला की वर मांडलेल्या हिशोबातील फरक आणखी आकसतो.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती घर गहाण टाकून तिसरा-चौथा मजला चढवणाऱ्या लहान घरमालकाची. शिक्षक, निवृत्त कारकून, शेती विकून शहरात आलेले कुटुंब, असे हे लोक असतात. त्यांनी पाहायला हव्यात अशा गोष्टी फार अवघड नाहीत. गेल्या वर्षीच्या गर्दीवरून हिशोब न करता गेल्या पाच-सहा वर्षांतील सर्वांत वाईट वर्षाची भरती धरून हप्ता निघतो का ते पाहावे. मजल्यावर निदान एका बाजूला ओटा आणि मोरीची जोडणी ठेवावी, म्हणजे गरज पडल्यास दोन खोल्या एकत्र करून कुटुंबाला देता येतील. बांधकाम चालू असताना याचा खर्च किरकोळ असतो, नंतर तो लाखात जातो. मुलांच्या राहण्याचा करार लेखी आणि नोंदणीकृत करावा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्सची नोंदणी मालकावर बंधनकारक आहेच, आणि करार नसताना वाद झाला तर भाडेकरूने सांगितलेल्या अटी खऱ्या धरल्या जातात. कर्जाची मुदत वाढवून हप्ता लहान करण्याऐवजी, मजला स्वतःच्या बचतीतून आणि टप्प्याटप्प्याने बांधता येतो का, हे आधी तपासावे, कारण कोट्यातही तग धरून राहिले ते जुन्या वसाहतींतील कर्जमुक्त घरांचे मालकच.

महापालिका आणि बँकांनी करण्यासारखे एक काम मात्र कोणा एका मालकाला जमणारे नाही. दरवर्षी ऑगस्टमध्ये, प्रवेश आटोपल्यावर, शिकवणी परिसरातील एकूण खाटा किती आणि त्यांतल्या भरलेल्या किती, याची मोजणी करून ती जाहीर करावी. घरपट्टीच्या नोंदी आणि बांधकाम परवाने पालिकेकडे आहेत. हॉस्टेलसाठी मंजूर झालेली कर्जे बँकांकडे आहेत. हे आकडे एका तक्त्यात आले तर पुढच्या दोन वर्षांत बाजारात येणाऱ्या खोल्यांची संख्या मजला चढवू पाहणाऱ्या माणसाला कर्जाच्या अर्जावर सही करण्यापूर्वी दिसू शकेल.